किती लांबून बघायचं?

भिगवणजवळच्या कुंभारगावातून होडी सुटली तेव्हा सात वाजायचे होते. उजनीच्या फुगवट्यावर धुकं इतकं खाली बसलेलं की पुढच्या होडीतली माणसं कमरेपासून वरच दिसत होती. आमच्या होडीत दोन कॅमेरे होते. माझ्या डॉक्टर मित्राकडे निकॉनचा डी७५०, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम डीएसएलआर, आणि त्यावर २००-५०० मिमीची लेन्स. दोन्ही मिळून तीन किलोंच्या वर. माझ्या गळ्यात निकॉनचाच कूलपिक्स पी९००, वजन जेमतेम ९०० ग्रॅम. पेशंट गुपचूप वैदूची मुळी उगाळून घेतोय हे कळल्यावर डॉक्टर ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं त्यानं माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

पहिले दोन तास त्याचेच होते. धुक्यातले रोहित, पाण्यावरचा तो करडा-गुलाबी पातळ प्रकाश, एकामागे एक विरत गेलेल्या माना, सगळं त्याच्या स्क्रीनवर जसंच्या तसं उतरत होतं. माझ्या स्क्रीनवर त्याच रोहितांवर कुणी रवा भुरभुरल्यासारखा दिसत होता. नऊच्या सुमारास ऊन वर आलं, धुकं उठलं आणि चिखलाच्या एका पट्टीवर चिमणीएवढे टिलवे पळताना दिसले. अंतर चाळीसेक मीटर. नावाडी म्हणाला, "सर, त्यातला एक निराळा हाय."

टिलवे ओळखणं हा पक्षीनिरीक्षकांचा छळ आहे. हिवाळ्यात सगळे सारखेच मळकट. पण छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. तेवढं दिसलं की सुटलं. डॉक्टरनं फोटो काढला, मोठा करून पाहिला. पक्षी फाटला, पाय काही कळेनात. माझ्या फोटोत पाय पिवळे होते. फोटो म्हणावा असा तो नव्हताच. पिसांना धार नाही, मागचा चिखल सपाट, डोळ्यात चमक नाही. पण पाय पिवळे होते. डॉक्टर म्हणाला, "हा काय फोटो आहे? हा तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट झाला." मला ते वाक्य तेव्हा लागलं. आता वाटतं, त्यानं माझ्या कॅमेऱ्याची सगळ्यात नेमकी व्याख्या केली होती.

हे आठवायचं कारण माझी भाची. तिला मेळघाटात, धारणी तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक मिळाली आणि तिनं फोनवर विचारलं, "मामा, कॅमेरा घ्यायचाय. वापरलेला फुल फ्रेम डीएसएलआर मिळतोय एक. नाहीतर तेवढ्यात सुपरझूम येतो. कुठला घेऊ ते एका वाक्यात सांग." एका वाक्यात मी तिला उलटा प्रश्न विचारला: तू किती लांबून बघणार आहेस? तिनं फोन ठेवला. मामा नेहमीप्रमाणे कोड्यात बोलतोय असं तिला वाटलं असणार. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाची फोड आहे.

आधी त्या 'फुल' शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ त्यानंच केलाय. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. 'फुल' म्हटलं की उरलेले आपोआप अर्धेमुर्धे ठरतात आणि अर्धंमुर्धं घेणाऱ्याला दुकानातच ओशाळं वाटू लागतं. पण हे माप आलं कुठून? जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. त्या काळचे काचेच्या प्लेटांचे अवजड कॅमेरे उचलून डोंगर चढणं त्याला झेपेना. म्हणून १९१३च्या सुमारास त्यानं सिनेमाची ३५ मिमी रुंदीची फिल्म घेतली, सिनेमाची १८ बाय २४ची चौकट दुप्पट केली आणि २४ बाय ३६ केली. त्यातून निघालेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला. प्लेटवाल्या जाणकारांना हा प्रकार खेळण्यासारखा वाटला. टपाल तिकिटापेक्षा थोड्या मोठ्या निगेटिव्हमधून काय चित्र निघणार? जर्मन भाषेत या मापाला 'क्लाइनबिल्ड' म्हणतात, म्हणजे 'लहान चित्र'. आज ज्याला आपण 'पूर्ण' म्हणतो ते शंभर वर्षांपूर्वी एका दमेकरी माणसानं वजन कमी करायला शोधलेलं 'लहान' होतं. पुढं सुरुवातीचे बहुतेक डिजिटल एसएलआर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचे निघाले. मग २००२ साली कॅननचा १डीएस आणि २००५ साली हौशी माणसाच्या आवाक्याच्या जवळ येणारा ५डी आला, आणि त्या जुन्या मापाला 'पूर्ण' ही पदवी मिळाली.

म्हणजे 'लहान पण बरोबर नेता येणारा' हा युक्तिवाद सुपरझूमवाल्यांनी काढलेला नाही. तो फुल फ्रेमच्या जन्माच्या दाखल्यावरच लिहिलेला आहे.

अर्थात या इतिहासानं भौतिकशास्त्र बदलत नाही. पी९००सारख्या सुपरझूमचा सेन्सर साधारण सव्वासहा बाय साडेचार मिलिमीटरचा, करंगळीच्या नखात मावेल एवढा. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ त्याच्या सुमारे ३० पट. पावसात अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर मिनिटभरात कशात किती पाणी जमेल हे सांगायला गणित लागत नाही. मुसळधार असेल तर वाटीही तुडुंब भरते. भुरभुर असेल तर वाटीच्या तळाला चार थेंब. ऊन म्हणजे मुसळधार. पहाट, संध्याकाळ, झाडाखालची सावली, देवळाचा गाभारा ही सगळी भुरभुर.

पण परात-वाटीचा हा दाखला इथंच सोडून दिला तर तो दिशाभूल करतो, आणि बहुतेक जण इथंच सोडून देतात. लांबच्या वस्तूचा तपशील किती मिळणार हे सेन्सरइतकंच, किंबहुना जास्त, लेन्सच्या पुढच्या काचेतून प्रकाश किती रुंद दारातून आत येतो त्यावर ठरतं. इथं कंपन्या आपल्याशी जरा लबाडी करतात. पी९००च्या खोक्यावर २००० मिमी लिहिलेलं असतं, त्याच्या पुढच्या पी१०००वर ३००० मिमी. हे आकडे 'फुल फ्रेमच्या हिशेबात' असतात. पी१०००च्या लेन्सची खरी लांबी ५३९ मिमी आहे. सेन्सर लहान असल्यामुळे तिच्यातून दिसणारी चौकट ३००० मिमीच्या लेन्सएवढी अरुंद असते, एवढंच. एफ/८ म्हणजे लांबीला आठनं भागायचं: तिचं दार ६७ मिलिमीटरचं. खरीखुरी ३००० मिमी एफ/८ लेन्स कुणी बनवली तर तिचं दार ३७५ मिलिमीटरचं लागेल, म्हणजे जवळपास पंधरा इंच. ती गळ्यात अडकवता येणार नाही. तिला वेधशाळा बांधावी लागेल.

मग टिलव्याच्या पायांच्या बाबतीत वाटीनं परातीला हरवलं कसं? मी घरी येऊन हिशेब मांडला. तेरा सेंटीमीटरचा पक्षी चाळीस मीटरवर असताना डॉक्टरच्या ५०० मिमीच्या लेन्समधून त्याच्या सेन्सरवर पावणेतीनशे पिक्सेल लांबीचा उमटला. माझ्या सेन्सरवर तोच साडेआठशे पिक्सेलांवर पसरला. तिप्पट. या साडेआठशेत पुष्कळ पोकळ भरणा आहे हेही खरं. प्रकाश अरुंद दारातून आला की किंचित पसरतो, प्रत्येक बिंदूची एक छोटी चकती होते, आणि माझ्या कॅमेऱ्यात ती चकती पाच-सहा पिक्सेल व्यापते. म्हणून पिसांना धार नव्हती. पण पाय काळा की पिवळा एवढं कळायला धार लागत नाही. डॉक्टरनं ४५ मेगापिक्सेलची बॉडी आणि ६०० मिमी एफ/४ लेन्स आणली असती, तर माझं काही चाललं नसतं. ती लेन्स एकटीच साडेतीन-चार किलोंच्या घरातली आणि तिच्या किमतीत एक छोटी मोटारगाडी दारात उभी राहते. सुपरझूमची तुलना नेहमी या काल्पनिक लेन्सशी केली जाते आणि प्रत्यक्षात लोकांकडे फुल फ्रेमला लावलेली असते २४-७० किंवा फार तर ७०-३००. ज्या माणसाकडे लांबची लेन्स नाही त्याची बॉडी फुल फ्रेम असली काय आणि त्याहून मोठ्या सेन्सरची मीडियम फॉरमॅट असली काय, पक्षी त्याच्या फोटोत ठिपकाच.

जाता जाता एक गंमत. हा पी९०० जगात चंद्राच्या फोटोंमुळे जितका गाजला तितकाच पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या मंडळींमुळेही गाजला. क्षितिजाआड 'गेलेलं' जहाज झूम केल्यावर परत दिसतं, म्हणजे पाणी वाकलेलं नाही, असा त्यांचा दावा. जहाज खरंच इतकं लांब गेलेलं असेल तर त्याचा बुडखा झूम करूनही पाण्याआडच राहतो, पण तेवढं कोण बघतं! त्यावरून इतकंच कळतं की ८३ पट जवळ आणणारं भिंग मिळालं म्हणून बघणारा ८३ पट शहाणा होत नाही.

डॉक्टरच्या त्या 'रिपोर्ट' शब्दाकडे परत येतो. फोटोचे दोन धंदे आहेत आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. एक धंदा साक्षीचा: काय होतं, कुठं होतं, कोण होतं. दुसरा अनुभवाचा: कसं दिसत होतं, तिथं उभं राहून कसं वाटलं. सुपरझूम साक्षीदार आहे. फुल फ्रेम, जवळच्या लेन्ससह, कवी नसला तरी कवीचा लेखनिक आहे. साक्षीदाराला सुरेल गाता येत नाही म्हणून आपण त्याला कोर्टातून हाकलत नाही.

साक्षीची किंमत काय असते ते खानदेशात जाऊन विचारावं. रानपिंगळा हे घुबडांतलं लहानसं पाखरू. एकोणिसाव्या शतकात त्याचे फक्त सात नमुने गोळा झाले, शेवटचा १८८४ साली. त्यानंतर त्याचा पत्ता नाही. मधे एक नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज कर्नलानं १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला म्हणून दिलेला नमुना. लोकांनी त्या दिशेला शोधलं, हाती काही लागलं नाही. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नव्यानं पेंढा भरून त्यावर खोटं लेबल लावलं होतं. ते लेबल बाजूला काढल्यावर उरल्या त्या जुन्या, खऱ्या जागा. त्या जागांचा माग काढत रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट नोव्हेंबर १९९७मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पोहोचले आणि तिथं भर दिवसा, निष्पर्ण झाडावर, रानपिंगळा बसलेला होता. ११३ वर्षांनी.

पक्षी पाहिला म्हणणं सोपं आहे. आपल्या अंगणातला साधा ठिपकेवाला पिंगळा आणि हा रानपिंगळा दुरून सारखेच. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो. सारा वाद त्या माथ्यावर ठरतो. आज एखाद्या आदिवासी पाड्यातल्या शिक्षिकेला असा पक्षी दिसला, तर तिच्याकडे असायला हवा तो कॅमेरा कुठला? मागचं रान लोण्यासारखं वितळवून टाकणारा, की साठ मीटरवरून माथा कोरा आहे एवढं दाखवणारा? रानपिंगळा दिवसा हिंडतो हे आणखी एक बरं. वाटीला पाऊस मुबलक.

वितळवण्याचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. फुल फ्रेम घेणाऱ्यांतले निम्मे लोक 'बोके'साठी घेतात, म्हणजे मागचं सगळं धुवून टाकून विषय तेवढा उठून दिसावा म्हणून. लग्नाच्या फोटोत ते ठीक. मागं मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची असते, ती गेलेलीच बरी. पण रानातल्या पाखराच्या मागं प्लॅस्टिकची खुर्ची नसते. तिथं सागाचं पान असतं, वाळकं की हिरवं ते असतं, मोहाचं फूल असतं, वणव्यानं काळी पडलेली साल असते. तिथून महिना कळतो, रान कळतं, पाखरू तिथं का आलं ते कळतं. ते सगळं पुसून हिरव्या चटणीवर ठेवलेला पक्षी दाखवायचा आणि त्याला निसर्गछायाचित्र म्हणायचं, हे मला हल्ली सहन होत नाही. सुपरझूमही पूर्ण झूमवर मागचं बरंच धुवून टाकतो, पण त्याच्यात ती इतकी निगुतीनं केलेली सफाई नसते. थोडं रान शिल्लक राहतं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी सुपरझूमचा वकील आहे. तर माझ्याच अशिलाविरुद्ध साक्ष देतो. रानातलं आयुष्य पहाटे आणि सांजवेळी चालतं, नेमकं जेव्हा वाटीत पाणी पडत नाही तेव्हा. रातव्याचा एकही धड फोटो मी या कॅमेऱ्यानं काढू शकलो नाही. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर न्यावं लागतं. प्रकाश कमी असेल तर आयएसओ चढवावा लागतो, आणि आयएसओ चढला की पुन्हा तोच रवा. त्यात फोकस धरायला तो अंमळ वेळ घेतो. खंड्यानं सूर मारला तर माझ्या फोटोत नुसती रिकामी फांदी येते. अशा रिकाम्या फांद्यांचा माझा संग्रह बराच मोठा आहे.

डीएसएलआरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मी हळवा आहे. आरसा. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आदळून वरच्या प्रिझममधून सरळ डोळ्यात येतो. तुम्ही स्क्रीन बघत नसता. तेच ऊन, तेच पाणी, फक्त भिंगातून आलेलं. शटर दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि ज्या क्षणाचा फोटो निघतो तोच क्षण तुम्हाला दिसत नाही. डोळ्यापुढं काळोख होतो. खटका वाजतो, आरसा खाली, पुन्हा जग. म्हणजे आपण टिपलेला क्षण आपण पाहिलेला नसतो. सुपरझूमच्या इवल्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत ही गंमत नाही.

पण माझं मत खरं बदललं ते पक्ष्यांमुळं नाही, वारीमुळं.

एका आषाढात मी पालखीबरोबर नीरेपर्यंत गेलो होतो. दिवे घाटात वरून फोटो काढायला सगळ्यांसारखा मीही उभा राहिलो. तिथं लांब लेन्सच पाहिजे. ती घाटाची वळणं एकावर एक दाबून आणते आणि पताकांची रेघ डोंगराला गुंडाळलेली दिसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तशीच दुरून गर्दीही साजरी. तोवर ठीक होतं. नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांचं स्नान झालं, माणसं पांगली, बायका लुगडी वाळत घालू लागल्या. पलीकडं, शंभरेक मीटरवर, एक म्हातारी ओले केस मोकळे सोडून विंचरत बसली होती. मी झूम केलं. बसलेली ती चौकटभर आली. सुरकुत्या, कानातली बुगडी, दातात धरलेली केसांची दोरी. दहा-बारा फोटो काढले. तिला पत्ता नव्हता. फोटो मित्रमंडळीत गाजला. घरी मोठा करून भिंतीवर लावावा असं मी म्हणत होतो. बायकोनं तो पाहिला आणि म्हणाली, "केस विंचरतेय ती. कुणी बघत नाहीये असं समजून."

फोटो भिंतीवर लागला नाही.

त्या दिवसापासून मला हा सगळा प्रश्न अंतराचा वाटू लागला. टिलव्यापासून चाळीस मीटर लांब राहणं हा त्याचा मान राखणं आहे. होडी आणखी पुढं रेटली तर तो उडतो. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला एका फोटोपायी पुन्हा पुन्हा उडवणं हा गुन्हा नसेल, पण हलकटपणा आहे. घरट्याजवळ तर जायचंच नाही. कित्येक पक्षीमित्र मंडळं आता घरट्याचे फोटो स्वीकारतही नाहीत. तिथं जितकं लांब तितकं चांगलं. माणसाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. शंभर मीटरवरून त्या म्हातारीला चौकटीत धरणं म्हणजे तिच्या नकळत तिच्या घरात शिरणं. ३५ मिमीची लेन्स लावून तिचा तसा फोटो काढायचा, तर मला तिच्यापुढं दीड-दोन मीटरवर उकिडवं बसावं लागलं असतं. तिनं मान वर करून विचारलं असतं, "काय रं लेकरा?" मग कदाचित फोटो झाला नसता. झाला असता तर तो आम्हा दोघांचा असता.

सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले ते पाहावेत. मॅनहोलमध्ये उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस, त्यांची घरं. ती चित्रं शंभर मीटरवरून निघत नाहीत. काढणाऱ्याला तिथं जावं लागतं, वास सोसावा लागतो, नाव सांगावं लागतं, पुन्हा पुन्हा परतावं लागतं. आणि ज्या जागा ते दाखवतात त्या अंधाऱ्या आहेत. जवळीक आणि अंधार एकत्र आले की मोठा सेन्सर आणि मोठ्या दाराची छोटी लेन्स यांना पर्याय नाही. कीर्तनाचा मंडप, जात्यावरची आजी, गाईच्या गोठ्यातला एक दिवा, चुलीसमोरचा चेहरा हे सगळं फुल फ्रेमचं राज्य. तिथं माझा पी९०० घेऊन जाणं म्हणजे लग्नाला दुर्बीण घेऊन जाण्यासारखं.

म्हणून 'कुठला कॅमेरा चांगला' हा प्रश्न मला आता निरर्थक वाटतो आणि 'सगळ्याला चालेल असा एक घे' हा सल्ला तर त्याहून. २४ ते २००० मिमी एकाच नळीत असलेला कॅमेरा सगळ्याला चालतो असं दुकानदार सांगतो. २४ मिमीवर तो फोनपेक्षा फारसं वेगळं काही देत नाही. खरं सांगायचं तर आजचा बरा फोन तिथं त्याला मागं टाकतो. त्याची लायकी सुरू होते फोन जिथं थांबतो तिथून. काही फोन चंद्र दिसला की त्याचे खळगे आपल्या आठवणीतून भरून देतात म्हणे. सुपरझूममधला चंद्र ओबडधोबड असेल, पण त्यातला प्रत्येक खळगा तिथं वर आहे. साक्षीदाराकडून माझी तेवढीच अपेक्षा असते.

आणि गंमत अशी की हे दोन्ही पक्ष आता म्हातारे झालेत. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले, त्यातले बहुतेक खिशातले. २०२३ साली सगळे मिळून एक कोटीही भरले नाहीत. बाकीचे फोननं गिळले. डीएसएलआरचं म्हणाल तर निकॉनचा डी६ आणि कॅननचा १डीएक्स मार्क थ्री हे २०२० साली आले आणि त्या दोन्ही घराण्यांत त्यानंतर तसा मोठा वारस झाला नाही. सगळं लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडं वळलं. म्हणून तर वापरलेले डीएसएलआर आज शिक्षिकेच्या पगारात बसतात. सुपरझूमच्या बाजूनं २०२५ साली निकॉननं पी१०००ची थोडी सुधारलेली आवृत्ती, पी११००, काढली एवढीच काय ती धुगधुगी. भाची ज्या दोघांत निवड करत होती ते दोघंही निवृत्तीला आलेले मास्तर होते. याचा फायदा असा की जाहिरातींचा गोंगाट दोघांभोवतीही उरलेला नाही. कोण काय शिकवतो ते शांतपणे बघता येतं.

मी तिला शेवटी काय सांगितलं? की बाई, तू पोरांबरोबर पाखरांची यादी करणार आहेस. वर्गात चौथीतली पंधरा-वीस पोरं. कॅमेरा त्यांच्या हातात जाणार, जायलाच हवा. तीन किलोचं धूड आणि त्यावरची नाजूक लेन्स तू त्यांना देणार नाहीस. कपाटात कुलपात ठेवशील. पोरं लांबून बघायला तुझ्यापेक्षा पटाईत आहेत, त्यांना फक्त ओळख पटवायला साक्षीदार हवाय. सुपरझूम घे. आणि पोरांच्या आयांचे, बाजारातल्या माणसांचे फोटो काढावेसे वाटले तर त्यानं काढू नकोस. त्यासाठी पुढंमागं तो जुना फुल फ्रेम घे, ५० मिमीची एकच लेन्स लाव, आणि आधी त्यांच्या ओट्यावर बसून चहा पी.

तिनं ऐकलं की तिला तेच करायचं होतं, कोण जाणे. गेल्या महिन्यात तिचा फोटो आला. रविवार, दुपारचे चार, एका वठलेल्या झाडाच्या फांदीवर पाठमोरा बसलेला पिंगळा. फोटो चौथीतल्या एका मुलीनं काढलेला, किंचित तिरका. खाली लिहिलं होतं, "मामा, माथा कोरा आहे का?"

मी तो मोठा करून पाहिला, चष्मा काढून पाहिला, खिडकीशी नेऊन पाहिला. डोक्यावर पानाची सावली पडली होती. ठिपके असतीलही, नसतीलही. मी लिहिलं, "सांगता येत नाही. तो अजून तिथंच आहे का?"

तिचं उत्तर आलं, "आहे. पोरं म्हणतात आणखी पुढं जाऊ."

मी लिहिलं, "नका जाऊ. तिथंच बसा. मान वळवेल तो."